झाडून झिजलेलं मैदान

कॉलेजच्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघाचा कोच तसा मवाळ माणूस, पण झाडूच्या बाबतीत त्याच्याइतका खाष्ट दुसरा शोधून सापडला नसता. बावीस वर्षं झाली, सकाळी सहाला मुली मैदानावर आल्या की आधी हातात झाडू आणि मग बॉल, हा त्याचा नियम. मधून कडेला झाडायचं, उलटं नाही. झाडल्यावर तो अनवाणी फिरून बघायचा. पायाला एक खडा लागला तर सगळ्यांनी मैदानाला एक फेरी मारायची आणि दोन लागले तर पाच. मैदान त्यानेच नोकरी लागली त्या वर्षी आखलं होतं. लोखंडी खांब त्यानेच उभं राहून पुरून घेतले होते आणि नेट अडकवायचे हुक त्यानेच मोजून वेल्ड करून घेतले होते. त्याचं लग्नही त्याच वर्षी झालं. बायको म्हणायची, माझ्याकडे बघितलं नसेल इतकं यांनी त्या खांबांकडे बघितलंय.

यंदा पाणी नव्हतं. कॉलेजची विहीर तळाला गेली होती. वसतिगृहातल्या मुलींना अंघोळीला एकेक बादली मिळायची, तीही रांग लावून. मैदानावर रोज संध्याकाळी पाणी मारलं जायचं, ते प्राचार्यांनी पहिल्याच आठवड्यात बंद केलं. त्यात त्यांचं चुकलं असं कोणी म्हणू शकत नव्हतं. मग मैदान उडायला लागलं. मुली खाली पडून बॉल उचलायच्या तेव्हा धुळीचा लोट उठायचा, दातांत माती करकरायची. कोपरं सोलून निघायची आणि सोललेल्या जागी पुन्हा मातीच भरायची.

त्यातच प्राचार्यांनी कोचला बोलावून घेतलं. पाण्याची मोठी टाकी बांधायची आहे आणि त्याला सपाट, मोकळी, रस्त्यालगतची अशी एकच जागा आहे. बावीस वर्षांत संघ एकदाही विभागीय फेरीत गेला नाही, तेव्हा मैदानासाठी मुलींना कोरडं ठेवायचं कोणत्या तोंडाने सांगू, असं त्यांनी विचारलं. शेवटी प्राचार्यच थोडे नरमले. यंदा विभागीय फेरी गाठलीत तर टाकी कॉलेजच्या मागच्या खडकावर बांधू, मग सुरुंग लावावे लागले तरी चालेल, असं म्हणाले. नाहीतर टाकी मैदानावर आणि कोच ग्रंथालयात, पुस्तकांवर शिक्के मारायला.

दोन सामने उरले होते. त्यातला एक जिंकला की फेरी गाठता येणार होती. एक सामना इथे, गिरणीकाठच्या कॉलेजशी, आणि दुसरा शहरात, मोठ्या कॉलेजच्या बंदिस्त हॉलमध्ये. इथल्या सामन्याची कोणालाच काळजी नव्हती. या मैदानावर अकरा वर्षांत मुली हरल्या नव्हत्या. बाहेर मात्र हटकून हरायच्या. घरात वाघ, बाहेर मांजर, असं सगळे म्हणायचे आणि सगळ्यांत मोठ्याने कोच म्हणायचा. बाहेर गेलं की यांचे बॉल मागच्या रेषेपलीकडे जायचे. सर्व्हिस बाहेर, फटका बाहेर. कोचचं निदान ठरलेलं होतं, की मुली घाबरतात.

इथल्या सामन्याला पंधरा दिवस होते. त्या सकाळी मुलींचं झाडून झालं आणि कोच नेहमीसारखा अनवाणी फिरत खांबापाशी आला, तर अंगठ्याला ठेच लागली. खाली बघितलं तर खांबाच्या बुंध्याला सिमेंटचं कडं वर आलं होतं. ते कडं त्याने पुरलं होतं. त्यावर चार बोटं माती टाकून स्वतः चोपली होती, कोणाला ठेच लागू नये म्हणून.

तो तिथेच उभा राहिला. सिमेंट काही जमिनीतून उगवत नाही. मग त्याने मैदानाच्या कडेला बघितलं. रेषांच्या बाहेर चारही बाजूंनी गुडघ्याएवढा बांध झाला होता. मऊ, चाळलेली माती. बावीस वर्षं मुली तिला मधून कडेला ढकलत होत्या, रोज थोडी थोडी, त्याच्याच शिस्तीने.

बायको त्या दिवशी तिथेच होती. ती शिवणकाम करायची आणि संघाचे कपडे दरवर्षी तीच शिवायची, म्हणून मुलींची मापं घ्यायला आली होती. कोचने तिच्या गळ्यातली टेप मागितली. एक बांबू नेटच्या मधोमध उभा धरला, नेटच्या वरच्या कडेला खूण केली आणि बांबू आडवा टाकून मोजला. टेप एकदा पुरली नाही, दुसऱ्यांदा लावावी लागली. मुलींच्या नेटची उंची असते दोन मीटर चोवीस सेंटिमीटर. बांबूवर भरले दोन मीटर तेहेतीस.

त्याने पुन्हा मोजलं. मग बायकोने मोजलं. नऊ सेंटिमीटर, म्हणजे पाच बोटं.

कोचसमोर सगळा हिशेब एका क्षणात उलगडत गेला. मुली रोज पाच बोटं उंच नेटवरून मारायला शिकत होत्या. बाहेर नेट बरोबर असायचं. त्या सवयीने उंच मारायच्या आणि बॉल मागे बाहेर जायचा. आणि इथे येणारे पाहुणे आपल्या सवयीने मारायचे, ते नेटमध्ये अडकायचे. घरातला वाघही खोटा आणि बाहेरचं मांजरही खोटं. पंचांनी कधी मोजलं नाही, कारण हुक कोचने मोजून लावलेत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"तुम्ही परत कधी मोजलंच नाही?" बायकोने विचारलं.

"हुक जागचे हलले नव्हते."

"मी एकाच माणसाचा सदरा दर वेळी नवीन माप घेऊन शिवते," ती म्हणाली. "माणूस तोच असतो, पण पोट तेच राहत नाही."

एरवी तो हसला असता. बायकोने टेप गुंडाळून गळ्यात घातली आणि मुलींची मापं घ्यायला गेली.

कॉलेजचा माळी हे सगळं लांबून बघत होता. तो कोचचा जुना दोस्त. जवळ येऊन त्याने हळूच सल्ला दिला, की झाकली मूठ सव्वा लाखाची. पंधरा दिवस थांबा, इथला सामना नेहमीसारखा जिंका, टाकी खडकावर जाऊ द्या आणि मग सावकाश माती भरा. कोणाला कळतंय? सल्ला वाईट नव्हता. कोचने दोन दिवस त्यावर विचार केला आणि त्या दोन दिवसांत त्याने मुलींना एकदाही रागावलं नाही, त्यामुळे मुलींना वाटलं सर आजारी आहेत. खरं सांगायचं तर त्याला सामना हवा होता, मैदान हवं होतं. ग्रंथालयातल्या शिक्क्याचा विचार आला की त्याला घाम फुटायचा. पण बॉल मारायला उडणारी प्रत्येक मुलगी त्याला आता त्या पाच बोटांसकट दिसायला लागली होती. तिसऱ्या दिवशी त्याने मुलींना मातीतच बसवलं आणि सगळं सांगितलं.

मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. एक जण हसली आणि लगेच गप्प झाली. कप्तान होती धाकटी. तिची मोठी बहीण आठ वर्षांपूर्वी याच संघाची कप्तान होती, म्हणून मैदानावर एकीचं नाव थोरली आणि दुसरीचं धाकटी असंच पडलं होतं. धाकटीने मान खाली घातली होती. ती बोटाने मातीत रेघा ओढत होती.

"ताईला सांगितलं?" तिने विचारलं.

कोचने नाही म्हटलं.

"मग आधी तिला सांगा," धाकटी म्हणाली आणि उठून बॉल गोळा करायला लागली.

थोरलीचं काय झालं होतं ते मैदानावर सगळ्यांना माहीत होतं. बावीस वर्षांत तिच्याएवढा हात कोणाचा नव्हता. शहरातल्या त्याच हॉलमध्ये, शेवटच्या सेटमध्ये, तिने मारलेला बॉल मागच्या रेषेबाहेर पडला आणि विभागीय फेरी हुकली. ती कोचकडे येऊन म्हणाली होती, "सर, इथलं नेट खाली वाटतं." आणि कोच दोन्ही संघांसमोर, प्रेक्षकांसमोर मोठ्याने म्हणाला होता, "नाचता येईना, अंगण वाकडं." लोक हसले होते. त्यानंतर थोरलीने बॉलला हात लावला नाही.

आता ती दूध संकलन केंद्रावर काम करायची. कोच गेला तेव्हा ती कॅनमध्ये दांडी घालून दूध ढवळत होती, नमुना काढत होती, बाटलीवर नंबर टाकत होती. ओल्या फरशीवर रबरी बूट घालून. रांग संपेपर्यंत तो बाजूला उभा राहिला. त्याला कोणी बसा म्हटलं नाही. रांग संपल्यावर ती कॅन धुवायला मागे गेली, तिथे जाऊन त्याने सांगितलं. नेट, बांध, पाच बोटं, सगळं. तू म्हणालीस ते बरोबर होतं, असंही सांगितलं. माझं चुकलं, म्हणाला.

थोरलीने कॅन उपडा ठेवला. हात पुसले.

"चारचौघांत बोलला होतात," ती म्हणाली. "आणि माफी कॅनच्या मागे येऊन मागताय."

तिने दुसरा कॅन ओढला. तो निघून आला. रस्त्याने चालताना त्याचे कान तापले होते. पण पोरगी बोलली ते खरं होतं, आणि ते खरं आहे हे त्याला रस्ता संपायच्या आधीच पटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मैदानावर कामाला सुरुवात झाली. नेट दोरीने खाली बांधून घेतलं तरी मैदान मधे खोलगट होतं, ते भरल्याशिवाय इलाज नव्हता. मुली सकाळी तासभर सराव करायच्या आणि मग दोन तास माती ओढायच्या. बांध फावड्याने फोडायचा, घमेल्यात भरायचा, मधे आणून ओतायचा. जी माती बावीस वर्षं कडेला नेली ती आठ दिवसांत परत आणायची. कोरडी माती बसत नव्हती, तेव्हा धाकटीनेच डोकं चालवलं. वसतिगृहातलं कपडे धुतलेलं पाणी मोरीत जायचं, ते बादल्यांत धरायला लावलं. मुलींनी रांगेने बादल्या आणल्या. मैदानाला साबणाचा वास यायला लागला. कोच, माळी आणि संघातल्या दोन दणकट मुली माती दाबायला आळीपाळीने धुमस मारायचे. कोचचं वय पंचेचाळिशीच्या पुढे गेलेलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या तळहातांचे फोड फुटले आणि रात्रीच्या जेवणाचा घास बायकोने मोडून दिला, वर टोमणाही मारला, की इतकी वर्षं दुसऱ्यांकडून झाडून घेतलंत त्याचं हे व्याज.

सरावात सगळी दाणादाण उडाली. मुलींचे हात जुन्या उंचीला बसले होते. दहातले सात बॉल बाहेर जायचे. आता निदान घरीच बाहेर जातायत, असं माळी म्हणाला. कोच मात्र पहिल्यांदाच बाहेर गेलेल्या बॉलवर ओरडत नव्हता. उलट, अजून दोन बोटं खाली, असं शांतपणे सांगायचा. मुलींना त्याचीच जास्त भीती वाटायला लागली होती.

इथल्या सामन्याच्या दिवशी कट्ट्यावर बसायला जागा नव्हती. रोजचे विद्यार्थी होते, प्राचार्य होते, आणि कट्ट्याच्या टोकाला, कामावरून परस्पर आलेली, रबरी बूट घातलेली थोरली होती. तिला धाकटीने आणलं असणार. कोचने पंचांकडून माइक घेतला. फोडांवरच्या पट्ट्यांमुळे त्याला माइक नीट धरता येत नव्हता. त्याने सांगितलं, की या मैदानावरचं नेट कितीतरी वर्षं पाच बोटं उंच होतं. तुमची अकरा वर्षं त्यात गेली, असं त्याने पाहुण्यांना सांगितलं. मग तो कट्ट्याकडे वळला.

"माझ्या एका कप्तानाने आठ वर्षांपूर्वी मला सांगितलं होतं की मापात फरक आहे. मी तिला भर हॉलमध्ये म्हणालो, नाचता येईना, अंगण वाकडं. अंगण वाकडंच होतं. माझं होतं. तिला नाचता येत होतं."

कट्ट्यावर कुजबुज झाली. मागून कोणीतरी शीळ घातली. प्राचार्य शेजारच्या प्राध्यापकाला म्हणाले, की हे हात दाखवून अवलक्षण झालं. थोरली जागची हलली नाही. ती समोर बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते, ते तिने पुसले नाहीत.

पाहुण्यांच्या कोचला सगळे ढेरपोटे म्हणायचे. तो उठून आला, त्याने स्वतः नेट मोजलं आणि बराच वेळ टेपकडे बघत राहिला. आता हा भांडणार असं सगळ्यांना वाटलं. "अकरा वर्षं मी माझ्या पोरींना म्हणत होतो, इथे आलं की तुमचे पाय जमिनीला चिकटतात," तो हळू आवाजात म्हणाला. "मलाही घरी जाऊन दोन-चार फोन करावे लागतील."

मुली हरल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही सरळ तीन सेटमध्ये. गिरणीकाठच्या मुली चांगल्याच होत्या, इतकी वर्षं ते दिसलं नव्हतं एवढंच. शहरात या जिंकणार नाहीत हे धरूनच प्राचार्य निघून गेले. दुसऱ्या दिवशी मैदानावर टाकीसाठी चुन्याच्या खुणा करायला माणूस येणार हे माळ्याला तेव्हाच कळलं होतं. मुली बाकावर बसून रडत होत्या. कोचला त्यांच्यापाशी जायला पाय उचलत नव्हता. तेवढ्यात थोरली कट्ट्यावरून उतरून मुलींसमोर येऊन उभी राहिली.

"मी मोजत होते," ती म्हणाली. "पहिल्या सेटला नऊ बॉल मागे बाहेर गेले. तिसऱ्याला तीन."

रडणं हळूहळू थांबलं. तिने धाकटीला सर्व्हिस करून दाखव म्हटलं, मग तिचा खांदा धरून फिरवला, मग बूट काढून ठेवले आणि स्वतःच बॉल हातात घेतला. त्या दिवसापासून ती रोज सकाळचं दूध आटपून मैदानावर यायची. कोचशी कामापुरतं बोलायची. चुन्याच्या खुणा मैदानाच्या मधोमध होत्याच. मुली त्या खुणांवरच सराव करायच्या, आणि चुना त्यांच्या बुटांनी पुसून गेला की माणूस येऊन पुन्हा मारून जायचा.

शहरातल्या हॉलमध्ये लाकडी जमीन होती आणि छताला दिवे. थोरलीने आठ वर्षांत पहिल्यांदा रजा टाकली होती. ती बाकावर कोचच्या शेजारी बसली. पहिला सेट गेला. दुसरा आला. तिसरा गेला, चौथा आला. पाचव्यात चौदा-तेरा झाले, मुली एका गुणाने पुढे, आणि कोचने वेळ मागून घेतला.

मुली भोवती गोळा झाल्या. घामाने निथळत होत्या, एकीचा गुडघा सुजला होता. या हॉलमध्ये अशा वेळी कोच एकच शब्द बोलत आला होता, की जपून. बॉल बाहेर घालवू नका, जपून. तो शब्द त्याच्या ओठांवर आला आणि त्याने गिळला. दुसरा कोणताच शब्द त्याच्याजवळ नव्हता. मुली वाट बघत होत्या. त्याने थोरलीकडे बघितलं.

"रोज मारतेस तसा मार," थोरली धाकटीला म्हणाली. "जोर कमी करू नकोस."

शिट्टी झाली. बॉल तीनदा इकडून तिकडे गेला. मग पास वर चढला आणि धाकटी उडाली. कोचला आतापर्यंत सवय होती की अशा वेळी बॉलकडे बघायचंच नाही, मागच्या रेषेवरच्या पंचाच्या झेंड्याकडे बघायचं. झेंडा वर गेला की बाहेर. आज तो मुद्दाम बॉलकडे बघत राहिला. बॉल नेटवरून घासत गेला, समोरच्या मुलीच्या हातांखालून निघाला आणि मागच्या रेषेच्या आत दाणकन आपटला.

मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. माळी बाकावर उभा राहून कोणाला तरी फोनवर ओरडून सांगत होता, की खडकावर, खडकावर, टाकी खडकावर. कोच रडत होता आणि ते लपवायचं त्याला सुचत नव्हतं.

थोरली मुलींकडे गेली नाही. ती नेटच्या पलीकडे गेली, मागच्या रेषेपाशी गुडघे टेकून बसली. पॉलिश केलेल्या लाकडावर बॉल पडला होता तिथे घामट डाग उठला होता. तिने रेषेपासून त्या डागापर्यंत हाताची वीत लावली. मग तशीच वीत रेषेच्या बाहेरच्या बाजूला वळवून ठेवली. कोच तिच्यामागे येऊन उभा राहिला होता.

"माझा एवढा बाहेर होता," ती म्हणाली. "आठ वर्षं रोज मोजलाय मी."

कोच खाली बसला. तिच्या शेजारी, गुडघे टेकून, दुसऱ्या कॉलेजच्या मैदानात, एवढ्या माणसांसमोर. थोरलीने जमिनीवरचा हात उचलला आणि त्याच्या पट्ट्या बांधलेल्या हाताला धरून त्याला उठवलं.

"चला सर," ती म्हणाली. "पोरी थांबल्यात."